नऊ वाजताचा आवाज

मुलं तिला तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे कस्टम. परदेशातून आलेल्यांच्या बॅगा विमानतळावर उचकतात, तशी ही मेडिकल कॉलेजातल्या डिसेक्शन हॉलच्या दारात उभी राहून पोरापोरींचे खिसे रिकामे करायची, म्हणून हे नाव. तिला ते ठाऊक होतं. तिने कधी हरकत घेतली नाही. उलट एखादा नवा पोरगा फारच शहाणपणा करायला लागला की तीच म्हणायची, "कस्टममधून गेल्याशिवाय आत कुणी जात नाही, राजा. फोन काढ."

दाराशेजारी लोखंडी कपाट होतं आणि त्यात नंबर घातलेले पत्र्याचे कप्पे. फोन बंद करून आपापल्या कप्प्यात ठेवायचा, मग ती कपाटाला कुलूप लावणार, किल्ली कमरेला, आणि तास संपेपर्यंत ते कुलूप निघायचं नाही. फोनवरच थांबेल तर ती कस्टम कसली? मनगटावरची शहाणी घड्याळं, कानात खुपसायची बोंडं, पेनासारखं दिसणारं पण आवाज टिपणारं काहीबाही, सगळं कपाटात. चष्म्यातही कॅमेरा असू शकतो हे तिला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून ती प्रत्येक चष्मेवाल्याच्या नाकाशी नाक नेऊन काड्या तपासायला लागली. पोरं हसायची. तिने त्यांच्या हसण्याला कधी भीक घातली नाही.

या सगळ्याला कारण होतं. तिच्या आधी त्या दारात दुसरा माणूस होता, भला, पण डोळेझाक करणारा. त्याच्या काळात एका विद्यार्थ्याने टेबलाशेजारी उभं राहून दात काढत स्वतःचा फोटो घेतला आणि मित्रांना पाठवला. फोटो फिरत फिरत कुठे जातो हे कुणाच्या हातात असतं? काही दिवसांनी एक बाई हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. तिने फोन पुढे धरला आणि म्हणाली, "हे माझे वडील आहेत. शेजारी हसतंय ते कोण?" ती रडली नाही की ओरडली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली. तो माणूस त्याच आठवड्यात कामावरून गेला आणि ही त्याच्या जागी आली.

विभागाच्या मॅडम दर वर्षी पहिल्या दिवशी नव्या मुलांना एकच गोष्ट सांगायच्या, "या लोकांनी आपल्याला देह दिलाय. फोटो दिलेला नाही." मावशीने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते आपलंच वाटायचं. म्हणून तिने स्वतःलाही सूट ठेवली नव्हती. कपाटातला पहिल्या नंबरचा कप्पा तिचा होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तिचा फोन बंद होऊन त्यात जायचा.

आणि तो फोन आत गेला की तिचं सगळं लक्ष घराकडे लागायचं. हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी असाच एका सकाळी फोन कपाटात होता, ती फरशी पुसत होती, मुलं कापाकापीत गुंग होती, आणि तिकडे घरी तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात कोसळला. शेजाऱ्यांनी दार ढकलून त्याला उचललं, दवाखान्यात नेलं, वाटेत तिला फोन लावत राहिले. जेवणाच्या सुट्टीत तिने कपाट उघडून फोन चालू केला तेव्हा पडद्यावर एकामागून एक चुकलेल्या कॉलची रांग लागली. ती रांग संपेचना. नवरा वाचला, पण तो वाचला की गेला हे तिला कळण्याआधी ती दवाखान्यापर्यंत रिक्षात बसून गेली होती, आणि तो रस्ता तिच्या अंगातून पुढे कधी गेला नाही.

तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या छातीत, खांद्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढी एक डबी बसवली. काळीज भलत्याच तालात धावायला लागलं की ती डबी आतल्या आत झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणार. "आता तुमच्या सोबत चोवीस तास डॉक्टर आहे असं समजा," असं तिथल्या माणसाने हसत सांगितलं. ती हसली नाही. एवढ्याशा डबीवर माणसाचा जीव टांगलेला, आणि त्या डबीवर लक्ष ठेवायला आपण घरी नाही, एवढंच तिला कळलं. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनचा नंबर घरी द्यायला सांगितला होता. तिने दिलाही. पण ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि तिथला कारकून खुर्चीपेक्षा चहाच्या टपरीवरच जास्त. तेव्हा भीती होती तिथेच राहिली. कुलूप लावताना रोज ती मनात म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे.

त्या वर्षी नवी तुकडी येऊन थोडेच दिवस झाले होते. डिसेक्शनची सुरुवात पाठीपासून होते, म्हणून सगळे देह पालथे. एका सुट्टीच्या दिवशी ती हॉल धुवायला आली. भिंतीतले मोठे पंखे एरवी इतके घरघरतात की शेजारच्याशीही आवाज चढवून बोलावं लागतं. त्या दिवशी ते बंद होते. मुलं नव्हती. तिने सवयीने स्वतःचा फोन बंद करून कप्प्यात ठेवला, कुलूप लावलं आणि पोछा पिळला.

आणि आवाज आला.

बारीक, दबलेला. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली, लांबवर अँब्युलन्स अडकून पडावी तसा. थोडा वेळ वाजला आणि थांबला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नऊ वाजले होते. मग कपाटाकडे पाहिलं. कपाट गप्प होतं. आवाज खिडकीजवळच्या टेबलाकडून आला होता.

इतकी वर्षं ती या हॉलमध्ये एकटी वावरली होती. नव्या सफाईवाल्यांना भुताची भीती वाटली की ती म्हणायची, त्रास देतात ती जिवंत माणसं, हे बिचारे कुणाचं काय वाकडं करणार. पण त्या सकाळी तिच्या अंगावर काटा आला. खिडकीजवळच्या टेबलावर एक आडव्या अंगाचा, भरदार पुरुष होता. प्लास्टिकखाली, ओल्या कापडाखाली, पालथा. ती पोछा तिथेच टाकून बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. उन्हात बसूनही तिला बराच वेळ ऊब लागेना.

बसल्या बसल्या तिची अक्कल ठिकाणावर आली, निदान तिला तसं वाटलं. वाजतो तो फोन. जन्म ज्याचा फोन हुडकण्यात गेला त्याला दुसरं काय सुचणार? कुणीतरी फोन आत नेऊन लपवलाय, रात्रभर तिथेच ठेवलाय, आणि त्यावर सकाळचा गजर लागलाय. म्हणजे कुणीतरी चोरून फोटो काढतंय. आता भूत परवडलं अशी तिची अवस्था झाली. तिच्या डोळ्यांसमोर ती जुनी बाई उभी राहिली, हातात फोन धरलेली, आणि या वेळी ती मावशीलाच विचारत होती की दारात कोण होतं.

दुसऱ्या दिवशी मुलं आत गेल्यावर ती नऊच्या सुमाराला बादली घेऊन त्या टेबलाशी रेंगाळली. पंखे घरघरत होते, मुलं बोलत होती. बादली उचलायला वाकली आणि कान टेबलाच्या कडेपाशी आला तेव्हा पुन्हा तेच. वर, खाली, वर, खाली. टेबलाभोवतीच्या कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. एक मुलगी मात्र हात थांबवून टेबलाकडे बघत होती.

ही मुलगी रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी जायची. कापड नीट खोचायचं काम तीच करायची. बोलायची कमी. मावशीच्या मनात तिथल्या तिथे खटला उभा राहिला आणि निकालही लागला. तास संपल्यावर तिने मुलीला बाजूला घेतलं, ॲप्रन झाडायला लावला, खिसे उलटे केले, बूटसुद्धा काढायला लावले. काही सापडलं नाही. मुलगी रडवेली झाली. तिला सोडून दिल्यावर मावशीने टेबलाखालची बादली पाहिली, कापडाच्या घड्या पाहिल्या. तिथेही काही नाही.

तिसऱ्या दिवशी तिने जे केलं ते तिने पुढे कुणाला सहसा सांगितलं नाही. त्या दिवशी मुलांना परीक्षेसाठी वरच्या वर्गात बसवलं होतं आणि हॉल मोकळा होता. नऊच्या आधी तिने हातमोजे चढवले आणि त्या देहाची छाती आणि स्टीलचा पत्रा यांच्या मधल्या फटीत हात सरकवला. फोन खाली असेल तर बोटांना लागेल. लागलं ते फक्त थंड स्टील आणि थंड माणूस. ती हात काढणार तेवढ्यात ते सुरू झालं, आणि या वेळी आवाज तिच्या कानाआधी तळव्याला कळला. तिच्या हाताच्या वर, त्या माणसाच्या आत, काहीतरी वाजत होतं.

तिने हात ओढून घेतला, मोजे ओरबाडून काढले आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. आणि तरीही, बघा, तिची गाडी त्याच रुळावरून धावली. पाठ तर मुलांनी उघडलेलीच होती. कातडीचे पदर बाजूला केलेले होते. म्हणजे कुणीतरी फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून देहाच्या आत खुपसलाय. हे कुणी आणि का करेल, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. घाबरलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

ती तडक मॅडमकडे गेली. मॅडम एका बैठकीला निघाल्या होत्या, हातात फायली. "मॅडम, खिडकीजवळच्या टेबलावर फोन वाजतो. देहात लपवलाय," असं म्हणून तिने त्या मुलीचं नाव सांगितलं. कसा वाजतो ते मॅडमनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

मुलगी मान खाली घालून उभी राहिली. मग मावशीकडे वळून म्हणाली, "मावशी, मी रोज त्यांची माफी मागून मग हात लावते. मी त्यांच्या आत फोन ठेवेन?"

"मग काल आवाज आला तेव्हा हात का थांबवलास?" मावशीने विचारलं.

"मला वाटलं, भास झाला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मलाच धरलं असतं."

खरं होतं, पण त्या वेळी ते मावशीला उद्धट वाटलं. मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी देह उताणे करायचेत, छातीचं काम सुरू होणार. तेव्हा मी स्वतः सगळ्यांसमोर बघेन, आणि त्यानंतर हिला प्राचार्यांकडे नेईन. देहाची विटंबना म्हणजे शिक्षण तिथेच संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलगी भिंतीचा आधार घेत बाहेर गेली.

संध्याकाळी घरी टीव्ही गरजत होता. नवरा जमिनीवर बसून मटार सोलत होता. उभा जन्म त्याने पत्र्याच्या कारखान्यात काढलेला. पत्रे ठोकून ठोकून कानाने हळूहळू रजा घेतली होती. जाड आवाज कळायचे, बारीक आवाज त्याच्यासाठी उरलेच नव्हते. तिने टीव्ही बंद केला, समोर बसली आणि सगळं सांगितलं. देहाखाली हात घातल्याचंसुद्धा.

"वाजतो म्हणजे कसा?" त्याने विचारलं.

तिने ओठांचा चंबू करून बारीक शीळ घातली, वर, खाली.

"कळलं नाही. पुन्हा."

तिने पुन्हा घातली. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. शेवटी तिने बोटाने हवेत दाखवलं, असा वर जातो, असा खाली येतो, अँब्युलन्ससारखा. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"रोज नऊला?"

"हो. तुम्हाला काय माहीत?"

त्याने सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी हात नेला आणि खांद्याच्या हाडाखाली ठेवला. "ही बसवली तेव्हा ऐकवला होता मला. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यांनी एक लोहचुंबक धरला आणि हिने आवाज काढला. म्हणाले, बॅटरी संपत आली किंवा आतली तार बिघडली की सकाळी नऊला रोज असा वाजेल. सगळ्यांच्या डब्यांना नऊच लावून देतो, म्हणजे विसरायला नको. वाजला की त्याच दिवशी या."

ती बघतच राहिली. तिच्या डोक्यात आधी तो खिडकीजवळचा माणूस आला. त्याच्या छातीतही अशीच डबी. त्याचं सगळं संपलं, ती मात्र रोज नऊला कुणाला तरी हाक मारतेय. मग ती मुलगी आली, भिंत धरून जाणारी, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

"आणखी एक सांगितलं होतं," नवरा म्हणाला. "माझं काही झालं तर आधी ही बंद करून घ्यायची. नाहीतर तार कापणाऱ्याला झटका बसू शकतो."

"उद्या छाती उघडणार आहेत," ती म्हणाली.

"मग तुला लवकर जायला हवं."

"पण तुम्ही हे मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलं?"

"तू आधीच जीव मुठीत धरून जगतेस. त्यात रोज नऊला माझ्या छातीला कान लावून बसली असतीस."

"बसले असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. आणि बोलता बोलता ती थांबली, कारण तिला आत्ताच घातलेली शीळ आठवली, समोर बसून घातलेली, दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याने नुसतं तिच्या ओठांकडे पाहिलेलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमची वाजली तर तुम्हाला ऐकू येईल?"

तो बंद टीव्हीकडे बघायला लागला.

"तपासायला कधी गेला होता?"

"मागच्या खेपेला जमलं नाही."

"त्याच्या आधी?"

त्याने पुन्हा शेंग उचलली. प्रत्येक खेपेला 'जाऊन आलो, सगळं ठीक आहे' असं तिला सांगितलेलं. त्याला तिथे एकट्याने जायची भीती वाटायची, आणि तिला रजा मागायला लावायची त्याहून जास्त. हे त्याने आत्ता सांगितलं, मटारांकडे बघत. ती रागावली नाही. रागवायला अंगात बळच राहिलं नव्हतं. रोज नऊला ती कुठे असते? हॉलमध्ये. सुट्टीच्या दिवशी नऊला घरात काय असतं? टीव्हीचा दणका आणि मिक्सरची घरघर. म्हणजे ही डबी कितीही दिवस वाजत असली तरी ऐकणारं कुणी नव्हतं. परक्या माणसाची तिने तीन दिवस ऐकली होती.

सकाळी उठल्यापासून ती घड्याळाकडे बघत होती. दवाखान्यातला डबी तपासायचा विभाग दहाशिवाय उघडत नाही. नऊला तिने घरी असायला हवं आणि नऊलाच तिने हॉलमध्येही असायला हवं. मॅडमना फोन करून पाहिला. तो बंद होता, कारण मॅडमही नियमाप्रमाणे आल्या आल्या फोन बंद करतात. ऑफिसचा वाजून वाजून थांबला. शेजारणीला बसवावं म्हटलं तर नवरा म्हणाला, "ती बाई माझ्या छातीला कान लावणार? त्या आधी मीच जातो." एरवी ती हसली असती. शिवाय दुसऱ्याच्या कानावर तिचा भरवसाही नव्हता.

"मी नऊला फोन करते," ती शेवटी म्हणाली. "उचलायचा आणि लगेच सदऱ्याच्या आत, डबीवर दाबून धरायचा. काही बोलायचं नाही. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

"फोन? तुझ्या हॉलमध्ये?" तो म्हणाला.

तिने उत्तर दिलं नाही. चप्पल घातली आणि निघाली.

ती पोहोचली तेव्हा मुलं आत गेली होती. कपाटाची दुसरी किल्ली मॅडमकडे असते, त्यांनी कुलूप लावलं होतं. पहिला कप्पा रिकामा होता. ती फोन ॲप्रनच्या खिशात ठेवून आत शिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, सगळ्यांना तो खिशातून दिसतोय.

खिडकीजवळचा देह उताणा केलेला होता. मॅडम मोजे चढवून उभ्या होत्या. आरोपी मुलगी समोर, बाकीची मुलं दाटीवाटीने भोवती, आणि एका मुलाने हातात पातं धरलेलं.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. धावत आल्याने तिला धाप लागली होती. "फोन नाहीये तो. माझ्या नवऱ्याच्या छातीत आहे ना, तसली डबी आहे. रोज नऊला वाजते. वर-खाली असा आवाज आहे."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. मॅडमना एका क्षणात सगळं कळलं. "पातं खाली ठेव," त्या मुलाला म्हणाल्या. "सगळे मागे व्हा. कुणी हात लावायचा नाही." त्यांनी स्वतः वाकून खांद्याच्या हाडाखाली बोटं फिरवली. अंग भरदार, डबी स्नायूच्या खाली खोल बसवलेली, वरून काही कळत नव्हतं, पण दाबल्यावर बोटांना कडा लागली. देह दुसरीकडून आला होता, सोबतच्या माहितीत याचा उल्लेख नव्हता. "हे आमच्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि आपले मोजे काढले.

मावशी मुलीपाशी गेली. "चुकलं माझं, पोरी," ती म्हणाली. "घाबरले आणि तुला धरलं." मुलीने मान हलवली.

भिंतीवरचा काटा नऊला टेकत आला होता. मावशीने खिशातून फोन काढला. हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, फोन आत?"

"हो, मॅडम. नंतर काय ती शिक्षा करा. जरा पंखे बंद करायला सांगा."

मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कुणाला तरी खूण केली. पंखे थांबत थांबत थांबले. तिने फोन लावून कानाला धरला.

"हॅलो? हॅलो, कोण?" नवरा ओरडला.

"मीच. लावा छातीला."

कापड खसखसलं. मग खोल कुठूनतरी एक एक ठोका यायला लागला. ती डोळे मिटून ऐकत होती.

टेबलावरचा माणूस वाजला. शांत हॉलमध्ये तो आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला. वर, खाली, वर, खाली. कुणाच्या तरी तोंडातून उद्गार निघाला. त्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली, आणि शेजारची मुलं तिच्या पाठीवर हात ठेवायला लागली. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मोकळा कान बोटाने बंद केला होता. फोनमध्ये ठोके होते, दुसरं काही नव्हतं.

टेबलावरचा आवाज थांबला. फोनमध्ये अजून फक्त ठोकेच. तिने श्वास सोडला. काढा आता, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

आणि फोनमध्ये सुरू झालं. बारीक, वर, खाली.

तिने फोन कानावरून काढून पाहिला, टेबलाकडे पाहिलं. टेबल गप्प होतं. पुन्हा कानाला लावला. वर, खाली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, ऐका, चप्पल घाला आणि दारात बसा, मी येतेय." पलीकडून काहीच आलं नाही. तो सांगितल्याप्रमाणे फोन छातीला दाबून बसला होता, त्याला काय ऐकू जाणार? ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. ज्या हॉलमध्ये तिने कुणाला फोन काढू दिला नव्हता तिथे ती फोनवर नवऱ्याला हाका मारत होती आणि मुलं तिला वाट करून देत होती.

दारातून बाहेर पडताना तिने कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यात जवळ जे उभं होतं त्याच्या हातात दिली. तिकडचा आवाज थांबला होता. मागे राहिलेला ठोका मात्र येत होता, एकापाठोपाठ एक, आणि तिने फोन बंद केला नाही. तो कानाला लावून ऐकत ऐकत ती पायऱ्या उतरली.